नाव कुणाचं, हक्क कुणाचा

पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयाजवळ एका वकीलबाईंच्या ऑफिसात टेबलावर कापडी पिशवी उपडी झाली. आतून निघालं ते असं : सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, एलआयसीचे दोन बाँड, तीन बँकांच्या ठेवपावत्या, पीपीएफचं पासबुक, गावच्या जमिनीचा जुना सातबारा, महावितरणचं बिल, मृत्यूच्या दाखल्याच्या आठ प्रती आणि शाळेच्या वहीतला एक रेघी कागद. पिशवी घेऊन आलेल्या बाई सत्तरीच्या आसपासच्या. पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले त्यांचे यजमान दोन महिन्यांपूर्वी गेले होते.

"ह्यांनी सगळीकडे नॉमिनी मलाच केलंय," त्या म्हणाल्या. "मग बँक म्हणते तसं सह्या करून मोकळं व्हायचं ना?"

वकीलबाईंनी उलटा प्रश्न केला, "काकू, काकांच्या आई आहेत का?"

आई होत्या. वय नव्वदीपुढचं, गावी धाकट्या दिराकडे. पिशवीतल्या कागदांत त्यांचा उल्लेख कुठेही नव्हता. पण हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे मृत्युपत्र न करता पुरुष वारला, तर त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे सगळे पहिल्या वर्गातले वारस ठरतात आणि त्यांना समान वाटा मिळतो. वडील दुसऱ्या वर्गात जातात, आई मात्र पहिल्यात. या घरात पत्नी, एक मुलगा, एक मुलगी आणि आई, म्हणजे प्रत्येकी चौथाई. फ्लॅट एकट्या काकांच्या नावावर होता, त्यामुळे त्याचीही चौथाई. उद्या आजी मृत्युपत्र न करता गेल्या, तर त्यांची चौथाई त्यांच्या मुलांकडे आणि नातवंडांकडे उतरणार. ज्या दिरांनी हा फ्लॅट नीट पाहिलेलाही नाही, ते त्यात भागीदार होणार.

मग वकीलबाईंनी तो रेघी कागद उचलला. त्यावर सुवाच्य अक्षरात, तारखेसह लिहिलं होतं की माझ्यामागे माझं जे काही आहे ते सर्व माझ्या पत्नीचं. खाली सही. सहीच्या खाली काहीच नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या असत्या, तर हाच कागद मृत्युपत्र ठरला असता. सही खोटी आहे असं कुणी म्हणत नव्हतं, काकांची इच्छा काय होती याबद्दलही कुणाच्या मनात शंका नव्हती. तरीही कायद्याच्या दृष्टीनं तो कागद कोरा होता.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'वारसा' हा विषय दिला, तेव्हा संगीताचा, ओव्यांचा, वाड्यांचा वारसा लिहिणारे लेखक पुष्कळ असतील हे मला ठाऊक होतं. मला पाहायचं होतं ते माणूस गेल्यावर त्याची खोली, शेत, ठेव आणि लॉकर पुढच्या हातात प्रत्यक्ष जातात कसे. त्यासाठी तलाठ्याचं दप्तर, दुय्यम निबंधकाची कचेरी, सोसायटीचं ऑफिस, कोर्टाच्या पायऱ्या अशा ठिकाणी बसून राहिले. जवळजवळ प्रत्येक टेबलावर एकच गोंधळ दिसला. लोक नाव लावून घेण्यासाठी झटतात, आणि नाव लागलं की हक्क मिळाला असं समजतात. या दोहोंमधल्या अंतरात सर्वांत जास्त नुकसान होतं ते विधवांचं आणि लेकींचं.

नॉमिनीच्या हातात काय येतं

नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा माणूस. बँकेला, कंपनीला, सोसायटीला कुणाच्या तरी हाती माल सोपवून आपली जबाबदारी संपवायची असते, त्यासाठी केलेली ही सोय आहे. स्वीकारलेले पैसे वारसांना द्यायची जबाबदारी मात्र त्याच्यावर राहते. विम्याच्या पैशाबाबत सर्वोच्च न्यायालयानं हे १९८३ मध्ये सरबती देवी खटल्यात सांगितलं. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत बरीच वर्षं वाद चालू राहिला, आणि तो मिटला तो एका मराठी घरातल्या प्रकरणावर. 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेबाबतचा खटला मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि डिसेंबर २०२३ मध्ये निकाल आला : कंपनी कायद्यातलं नामनिर्देशन ही वारसाहक्काची वेगळी वाट नव्हे, शेअर अखेर मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसाहक्काच्या कायद्याप्रमाणेच जाणार. ज्यांनी मृत्युपत्र केलं होतं आणि ज्यांच्या घरात कागदांची जाण होती, त्यांच्या बाबतीतही हा प्रश्न दिल्लीपर्यंत गेला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

विम्यात २०१५ पासून थोडा फरक पडला. आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील, तर ती रक्कम लाभार्थी म्हणून त्यांना मिळावी अशी दुरुस्ती झाली, आणि तिच्या अर्थावर न्यायालयांत अजून युक्तिवाद होतात. ठेवी, शेअर, फ्लॅट यांना ती दुरुस्ती लागू नाही.

फ्लॅटचं तर प्रत्येक सोसायटीत वेगळंच रामायण. कमिटीतले लोक निवृत्त अकाउंटंट, शिक्षक, दुकानदार. ते प्रामाणिकपणे सांगतात, "नॉमिनीच्या नावावर सर्टिफिकेट करून द्यायचं, आमचं काम संपलं." महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी जे वेगळं प्रकरण घातलं गेलं, त्यात हे स्पष्ट केलं आहे. सभासद वारल्यावर मृत्युपत्र, वारस दाखला किंवा वारसांनी आपसांत केलेला कौटुंबिक व्यवस्थेचा लेख यांच्या आधारे खरा वारस सभासद होतो. तोवर नॉमिनी तात्पुरता सभासद. त्यानं मेंटेनन्स भरावा, सभेला यावं, फ्लॅट सांभाळावा. मुंबईच्या उपनगरातल्या एका सेक्रेटरींनी मला सांगितलं की त्यांच्या इमारतीत धाकट्या भावानं नॉमिनी म्हणून सर्टिफिकेटवर नाव लावून घेतलं आणि फ्लॅट विकायला काढला. ग्राहकाच्या वकिलानं वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली, ती थोरल्या बहिणीनं वाचली आणि व्यवहार थांबला. ती नोटीस दिसली नसती तर काय झालं असतं, हे ते सेक्रेटरी पुन्हा पुन्हा बोलत होते.

बँकांच्या बाबतीत गेल्या वर्षभरात चांगले बदल झाले. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका ठेवीला चार नॉमिनी लावता येतात, त्यांचे टक्केही ठरवता येतात. लॉकरला मात्र एकामागून एक अशाच क्रमानं. नॉमिनी नसलेल्या खात्यांसाठी रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२५ मध्ये मर्यादा आखून दिली : व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला, वारसांत वाद नसेल तर, कोर्टाचा दाखला मागायचा नाही, आणि कागद पुरे झाल्यावर १५ दिवसांत दावा निकाली काढायचा. हा नियम ठाऊक नसल्यानं लोक अजून काउंटरवरून परत फिरतात. ज्यांना कुणाला बँकेत जावं लागणार आहे, त्यांनी हे आकडे तोंडपाठ करून जावं.

मयताच्या नावचं शेत

वाई तालुक्यातल्या एका गावात तलाठ्यांच्या सजावर सकाळपासून बसले होते. सरकारनं पदाचं नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी केलं आहे, गाव अजून तलाठीच म्हणतं. एक तरुण शेतकरी आला. अतिवृष्टीच्या नुकसानीची यादी लागली होती आणि त्यात नाव होतं त्याच्या आजोबांचं. आजोबा जाऊन सतरा वर्षं झाली. अनुदान जमा करायला आजोबांचं खातं कुठून आणायचं? विकास सोसायटी पीककर्ज देत नाही तेही याचमुळे. जमीन कसतोय नातू, सातबाऱ्यावर आजोबा.

अशी लाखो मृत नावं सातबाऱ्यांवर होती, म्हणून महसूल खात्यानं 'जिवंत सातबारा' मोहीम काढली. आधी बुलढाण्यात, मग १ एप्रिल ते १० मे २०२५ या काळात राज्यभर. मोहिमेनं बरंच काम झालं, पण ज्या घरात भाऊबंदकी आहे तिथे मोहीमही थबकली. कारण नोंद करताना सगळे वारस सांगावे लागतात, आणि नेमकं तेच कुणाला सांगायचं नसतं.

काम चालतं ते असं. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज तलाठ्याकडे द्यायचा. ई-हक्क प्रणालीवरून घरबसल्याही देता येतो. तलाठी गाव नमुना ६-क या वारस रजिस्टरात नावं लिहितो, गावात चौकशी करतो, पोलीस पाटलाला विचारतो. वारस कोण हे मंडळ अधिकारी ठरवतो. मग फेरफाराच्या नोंदवहीत नोंद पडते, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला १५ दिवस मिळतात. हरकत आली नाही तर नोंद प्रमाणित होते आणि सातबारा बदलतो. हरकत आली, तर ती तक्रारी केस होते आणि तहसीलच्या तारखा सुरू होतात.

एवढं होऊन सातबाऱ्यावर नाव चढलं, तरी मालकी सिद्ध झाली असं होत नाही. फेरफार हा शेतसारा कुणाकडून घ्यायचा याचा दप्तरी हिशेब आहे, मालकीचा वाद दिवाणी न्यायालयात सुटतो, हे सर्वोच्च न्यायालय वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. गावात हे कुणी मानायला तयार नसतं. त्यांच्या लेखी सातबारा म्हणजे जमीन.

जुन्या उताऱ्यांत आणखी एक गाठ असते. थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' अशी तीन अक्षरं. एकत्र कुटुंब मॅनेजर. घर एकत्र होतं तेव्हा थोरल्याचं नाव लावायची रीत होती, धाकट्यांची नावं मागे त्याच्याच सावलीत. पुढे संगणकीकरणात किंवा नव्यानं उतारा लिहिताना ती अक्षरं गळली, की थोरल्याची मुलं एकट्यानं मालक दिसू लागतात. तलाठ्यांनी मला १९५० च्या दशकातला एक फेरफार दाखवला. कागद पिवळा, शाई तपकिरी, मोडी वळणाच्या अक्षरात मामलेदाराचा शेरा. त्यात ती तीन अक्षरं होती. आजच्या उताऱ्यावर नव्हती. एका घराचे सात जण कोर्टात उभे होते ते तेवढ्यासाठी.

बहिणीची सही

महाराष्ट्रानं १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका जन्मसिद्ध हक्क दिला. संसदेनं तो २००५ मध्ये देशभर दिला. २००५ चा कायदा लागू झाला त्या दिवशी वडील हयात असोत वा नसोत, लेकीचा हक्क जन्मापासूनचा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात ठरवलं. कायद्यात आता पळवाट नाही. पळवाट दुय्यम निबंधकाच्या कचेरीत आहे.

तालुक्याच्या ठिकाणी त्या कचेरीच्या बाकावर तीन बहिणी बसल्या होत्या. नव्या साड्या, ओटीत नारळ. भावानं जीप करून तिघींना वेगवेगळ्या गावांहून आणलं होतं. हक्कसोडपत्राचा मसुदा टायपिस्टनं वाचून दाखवला : आम्ही आमचा हिस्सा राजीखुशीनं, कोणताही मोबदला न घेता सोडत आहोत. वडिलोपार्जित मिळकतीचा हक्क जवळच्या नात्यात सोडायचा असला तर मुद्रांक शुल्क अवघं ५०० रुपये. नंतर अंगठा यंत्रावर ठेवायचा, कॅमेऱ्याकडे बघायचं, झालं.

थोरलीला मी विचारलं, जमीन किती? तिला गुंठे माहीत नव्हते. मधलीला माहीत होते. ती म्हणाली, "मागितलं तर दिवाळीला कोण बोलावील? भाऊबीज काय कोर्टात करायची?" धाकटी काही बोलली नाही. तिचा नवरा गेल्या वर्षी वारला होता आणि ती मुलीसह भाड्याच्या खोलीत राहत होती, हे मला टायपिस्टनं नंतर सांगितलं.

राजीखुशी हा शब्द त्या मसुद्यात तीनदा आला होता. मला तो पटला नाही. ज्या बाईला आपल्या हिश्श्याचा आकार ठाऊक नाही, जिला नाही म्हणण्याची किंमत माहेर तुटण्याएवढी मोजावी लागते, तिची सही कायद्यानं वैध असेल, पण ती खुशीची आहे असं मी लिहू शकत नाही. आणि एकदा नोंदणीकृत हक्कसोड झालं की ते फिरवायला फसवणूक किंवा दबाव सिद्ध करावा लागतो. सख्ख्या भावाविरुद्ध ते करायला कोण जाणार?

काही गावांत बहिणींची नावं लावतातही, पण ती कब्जेदाराच्या रकान्यात न घालता 'इतर हक्क' या रकान्यात टाकायची जुनी खोड आहे. तिथे विहिरीचे हक्क, कर्जाचे बोजे असतात. त्या रांगेत लेकीचं नाव. तशी नोंद दिसली तर दुरुस्तीचा अर्ज करता येतो, आणि करावा.

काही भाऊ वेगळे वागतात. फलटणकडच्या एका घरात चार भावंडांनी तहसीलदारांपुढे सरस-निरस वाटप केलं, महसूल संहितेच्या कलम ८५ खाली. दोघी बहिणींना रस्त्याकडेचे तुकडे दिले, कारण त्या स्वतः कसणार नव्हत्या आणि खंडानं द्यायला रस्ता हवा. भाऊबीज त्यांच्याकडेही होते.

दोन साक्षीदार

मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही. नोंदणीही सक्तीची नाही. साध्या कागदावर, आपल्या भाषेत, हातानं किंवा टाईप करून लिहिता येतं. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ चं कलम ६३ मागतं ते इतकंच : करणाऱ्याची सही किंवा अंगठा, आणि त्याला सही करताना पाहिलेल्या, किंवा ही माझीच सही असं त्याच्या तोंडून ऐकलेल्या, किमान दोघांच्या सह्या. साक्षीदारांनी मजकूर वाचायची गरज नाही. त्यांनी पुढे कोर्टात येऊन "होय, सही माझ्यासमोर झाली" एवढं सांगता आलं पाहिजे. म्हणून साक्षीदार आपल्याहून तरुण आणि सापडतील असे घ्यावेत. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीला बसवू नये. हिंदूंच्या बाबतीत त्यानं मृत्युपत्र रद्द होत नसलं तरी संशयाला जागा होते, आणि ख्रिस्ती व पारशी माणसाच्या मृत्युपत्रात तर अशा साक्षीदाराला दिलेली देणगीच बाद ठरते.

संशय हा खरा शत्रू. मृत्युपत्र पुढे करणाऱ्यानं त्याभोवतीच्या सगळ्या संशयास्पद गोष्टींचा खुलासा केला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९५८ मध्ये सांगून ठेवलं आहे. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात केलेलं, थरथरती सही असलेलं, ज्याला सगळं मिळतं त्यानंच धावपळ करून घडवून आणलेलं मृत्युपत्र कोर्टात फार सोसतं. ज्या मुलीला काही दिलेलं नाही तिचा उल्लेखही नसेल, तर आणखी. तब्येत धडधाकट असताना करावं, त्याच दिवसाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडावं, कमी किंवा काहीच दिलं नाही त्याचं कारण एका ओळीत लिहावं. नोंदणी केली तर उत्तम, आजारी माणसासाठी निबंधक घरीही येऊ शकतो. लखोट्यात बंद करून जिल्हा निबंधकाकडे ठेवायचीही सोय आहे, ती फारच थोड्यांना माहीत आहे. एक मात्र समजून घ्यावं : नंतरचं साधं मृत्युपत्र आधीच्या नोंदणीकृत मृत्युपत्राला रद्द करतं. तारीख शेवटची कोणती, हे महत्त्वाचं.

मृत्युपत्र करतो म्हणजे मरणाला बोलावतो, ही भीती शिकलेल्या घरांतही आहे. सांगलीचे एक निवृत्त मुख्याध्यापक याला अपवाद भेटले. त्यांची लाल कापडी बांधणीची वही मी पाहिली. पहिल्या पानावर मृत्युपत्र कुठे आहे आणि एक्झिक्युटर कोण. पुढे खाती, शाखा, लॉकरची किल्ली कोणत्या डब्यात, विमा एजंटचा फोन, मोबाइल उघडायचा आकडा, गॅसची पावती. मग 'घेणं-देणं' : पुतण्याला दिलेले चाळीस हजार, त्यापुढे कंसात 'मागू नये'. किराणावाल्याची उधारी, त्यापुढे 'आधी द्यावी'. दर दिवाळीला पाडव्याच्या दिवशी ते वही उघडतात, जुनं खोडतात, नवं लिहितात, आणि दोन्ही मुलांना नि सुनांना समोर बसवून वाचून दाखवतात. सुनांना बसवणं हा त्यांचा आग्रह. मृत्युपत्रापेक्षाही अशी वही घराला जास्त उपयोगी पडेल असं मला वाटतं, कारण मृत्युपत्र वाटा सांगतं, वस्तू कुठे आहे ते सांगत नाही. दहा वर्षं कुणी न विचारलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जाते. ती 'उद्गम' पोर्टलवर शोधता येते, हक्क सिद्ध करून परतही मिळते, पण शोधायला आधी ती होती हे कुणाला तरी माहीत असावं लागतं.

कोर्टाचे तीन दाखले

लोक वकिलाकडे येऊन म्हणतात, "वारस दाखला काढायचाय." त्यात तीन वेगळ्या गोष्टी गुंतलेल्या असतात.

पहिला सक्सेशन सर्टिफिकेट. हा येणी आणि रोख्यांसाठी, म्हणजे ठेवी, शेअर, कुणाकडून येणं असलेलं कर्ज. जमीन नि घराला तो लागू नाही. दुसरा वारस दाखला, आणि त्याचं मूळ पाहून मी थक्क झाले. तो मिळतो १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असताना जी नियमावली झाली, तिच्यातलं ते एक पान. पेशवाई जाऊन नऊ वर्षं झाली होती. इलाखा गेला, संयुक्त महाराष्ट्र झाला, ते रेग्युलेशन मात्र राहिलं, आणि आज पुण्याच्या फ्लॅटसाठी वरिष्ठ स्तर न्यायाधीशांसमोर त्याच्याच कलमाखाली अर्ज होतो. कोर्ट जाहीर नोटीस काढतं, महिनाभर हरकतीची वाट पाहतं, मग दाखला देतं. तोही मालकीचा अंतिम निवाडा नव्हे.

तिसरं प्रोबेट. मृत्युपत्र खरं आहे आणि एक्झिक्युटरला कारभार करायचा अधिकार आहे, यावर कोर्टाची मोहोर. मालमत्ता मृत्युपत्र करणाऱ्याचीच होती की नाही, हा प्रश्न प्रोबेटचं कोर्ट हातात घेत नाही. मुंबईत याची मोठी परंपरा. फोर्टात उच्च न्यायालयाच्या टेस्टामेंटरी विभागात मूळ मृत्युपत्र जमा करायचं, मालमत्तेची यादी, वारसांची यादी, साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र जोडायचं, वारसांना सायटेशन म्हणजे सूचना पाठवायची. कुणी कॅव्हेट घालून हरकत घेतली की अर्जाचा दावा होतो, आणि मग पुरावे, उलटतपासणी, वर्षं. हरकत नसली तर कागदोपत्री शंका एकेक करून दूर करत प्रोबेट निघतं. मूल्यानुसार कोर्ट फी लागते. मृत्युकर मात्र आपल्याकडे १९८५ पासून नाही, याची अजूनही बऱ्याच जणांना खात्री नसते.

मुंबईच्या हद्दीतल्या मृत्युपत्रांना हिंदू, बौद्ध, जैन, शीख आणि पारशी लोकांसाठी प्रोबेट सक्तीचं होतं. ठाण्यात राहून ठाण्यातलीच मालमत्ता देणाऱ्याला नाही, मुलुंडच्या माणसाला मात्र आहे, असा तो जुना भेद. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं त्यामागचं कलम २१३ काढून टाकलं. हा मोठा दिलासा आहे. पण ज्यांच्याकडे कागद द्यायचा ते सोसायटीवाले आणि वित्तसंस्था अजून साशंक आहेत. मृत्युपत्रावर वाद होण्याची चिन्हं असतील, तर प्रोबेट घेतलेलं बरं, असं मला भेटलेल्या बहुतेक वकिलांचं मत पडलं.

परदेशी मुलांची आणखी एक पायरी. अमेरिकेतल्या मुलानं तिथे नोटरी आणि अपोस्टिल करून मुखत्यारपत्र पाठवायचं, ते इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरायचा. ते तीन महिने उलटले म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केलेली दोन घरं मला एकट्या कोथरूडमध्ये भेटली.

गोव्याची रीत

गोव्यात सगळं निराळं. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा तिथल्या घराघरांत आहे. वारसाहक्काचा भाग २०१२ च्या गोवा कायद्यानं नव्यानं मांडला आणि तो २०१६ पासून लागू झाला, पण गाभा तोच. लग्नाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल, तर नवरा-बायकोची मिळकत एकत्र, दोघांची निम्मी निम्मी. नवरा वारला तरी निम्मं बायकोचं आधीपासूनच असतं, त्याला वारसाहक्क म्हणायचीही गरज नाही. उरलेल्या निम्म्यातही त्याला मनाला येईल तसं करता येत नाही : त्याचा अर्धा भाग मुलांसाठी, मुलं नसतील तर आईवडिलांसाठी राखीव. मुलीला वगळणं तिथे मृत्युपत्रानंही जवळजवळ अशक्य. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, सर्वांना एकच नियम.

वाटणीसाठी कोर्टात इन्व्हेंटरी चालते. कुटुंबप्रमुख मालमत्तेची यादी देतो, मूल्य ठरतं, आणि मग वारसांमध्येच लिलाव होतो. घर ज्याला हवं त्यानं बोली वाढवायची, घर त्याला मिळतं, आणि जास्तीची रक्कम तो इतरांना देतो. म्हापशाच्या एका वकिलांनी सांगितलं की तीन भाऊ बोली लावत असताना नर्स असलेल्या बहिणीनं कर्ज काढून सगळ्यांच्या वर बोली लावली आणि आईचं घर घेतलं. मला हा प्रकार फार आवडला. बहीण तिथे बाकावर सहीची वाट पाहत बसत नाही, बोली लावते. दोष तिथेही आहेत : तिथल्या सातबाऱ्यावर, म्हणजे एक-चौदाच्या उताऱ्यावर, पंचवीस-तीस नावं, निम्मे वारस लिस्बन नाहीतर लंडनमध्ये, आणि वर्षानुवर्षं बंद पडलेली, कौलं ढासळलेली घरं. तरीही विधवेला आपलं निम्मं सिद्ध करावं लागत नाही, हे महाराष्ट्रानं तिथून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

जिला मूलबाळ नाही

सर्वांत कमी माहीत असलेला आणि मला सर्वांत जास्त बोचलेला नियम हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ मध्ये आहे. हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता वारली, तर तिची मिळकत आधी मुलांना आणि नवऱ्याला. ते नसतील, तर नवऱ्याच्या वारसांना. तिचे स्वतःचे आईवडील त्यानंतर. माहेरकडून वारशानं आलेलं तेवढं माहेरी परत जातं. तिनं स्वतः नोकरी करून कमावलेलं, स्वतःच्या पगारातून घेतलेला फ्लॅट, हे मात्र सासरच्या दीर-पुतण्यांकडे, ज्यांनी कदाचित तिला विधवा झाल्यावर घराबाहेर काढलं असेल. नवरा तसाच वारला असता, तर त्याची मिळकत बायकोच्या नातेवाइकांकडे कधीच गेली नसती. या कलमाला आव्हान देणाऱ्या सुनावणीत नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्त्रियांना, विशेषतः हिंदू स्त्रियांना, मृत्युपत्र करून ठेवण्याचं आवाहन केलं.

नाशिकच्या एका परिचारिकेला हे ठाऊक नव्हतं. वय बावन्न, नवरा लग्नानंतर सहा वर्षांत गेला, मूल नाही. सासरशी संबंध उरलेला नाही. आई तिच्याकडे राहते. फ्लॅट, भविष्य निर्वाह निधी, थोडं सोनं, सगळं तिच्या पगाराचं. तिच्या आईला मिळेल असंच ती धरून चालली होती. मी कलम समजावलं तेव्हा ती आधी रागावली, मग तिनं वॉर्डातल्या दोन सहकाऱ्यांना बोलावलं आणि विचारलं की साक्षीदार म्हणून चालाल का. दोघी चाळिशीच्या आतल्या, त्याच शहरात राहणाऱ्या. मजकूर तिनं स्वतः मराठीत लिहिला, एक पान. फ्लॅट आईला, आईनंतर धाकट्या बहिणीच्या मुलीला. सोनं त्याच मुलीला. मृत्यूनंतरचे विधी साधे, खर्च इतकाच. एक्झिक्युटर म्हणून बहिणीचं नाव. त्या आठवड्यात रात्रपाळी होती, म्हणून सकाळी ड्यूटी संपवून तिघी थेट दुय्यम निबंधकाकडे गेल्या आणि अकरा वाजायच्या आत नोंदणी करून बाहेर आल्या.